सकाळचं माप, संध्याकाळचं माप

६ जानेवारी

प्रिय मावशी,

पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग चष्मा शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: सगळे ठीक आहेत. फोनच करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी मी सर्दी झाली म्हणाले, आणि तू आईला मला दवाखान्यात ठेवल्याचं कळवलंस.

काम असं आहे. मला एक बॉयलर सूट शिवून हवाय, गळ्यापासून पायापर्यंत सलग असतो ना, तसला. गोदीच्या भांडारात सगळ्यात लहान मिळतो तो पुरुषांच्या मधल्या मापाचा. बाह्या मी तीनदा दुमडते. क्रेनच्या केबिनमध्ये दोन हातांत दोन दांडे असतात. एकाने गाडा पुढेमागे जातो, दुसऱ्याने पकड खाली जाते. परवा डाव्या बाहीची दुमड दांड्याला अडकली आणि वीस टनांचा कंटेनर हवेत झोके घ्यायला लागला. खाली माणसं होती. काही झालं नाही, पण सुपरवायझर साहेबांनी वहीत नोंद केली.

आणखी एक. सूट मागून, कमरेखाली उघडता आला पाहिजे. वरचा भाग अंगावर तसाच राहून. असं करता येतं का? कारण विचारू नकोस, जमेल की नाही एवढंच सांग.

घाई यासाठी की मार्चअखेर माझं प्रोबेशन संपतंय. आम्ही तिघी लागलो होतो, या गोदीत क्रेनवर पहिल्यांदाच बायका. एक नोव्हेंबरात गेली, दुसरी डिसेंबरात. दोघींनी राजीनाम्यात 'घरगुती कारण' लिहिलं. आता मी एकटी उरलेय. साहेब तसे वाईट नाहीत, पण 'बायकांना उंची मानवत नाही' हे ते आजची हवा कशी आहे सांगावं तितक्या सहज सांगतात. मी गेले तर त्यांचं वाक्य खरं होईल आणि पुढची दहा वर्षं इथे एकही बाई घेणार नाहीत. पण खरं सांगू? त्या पुढच्या बायकांचा विचार मी नंतर करते. आधी मला स्वतःला ही नोकरी हवीय. चाळीस मीटर वर, पायाखाली काच, काचेखाली जहाज. मला आयुष्यात दुसरं काही इतकं आवडलेलं नाही.

तुझी,
खार


१३ जानेवारी

खारे,

पत्र मिळालं. चष्मा डोक्यावरच होता.

आमच्या दुकानामागच्या पाण्याच्या टाकीवर तू सात वर्षांची असताना चढली होतीस आणि उतरवायला दोन माणसं लागली होती. तेव्हा मी तुझ्या आईला म्हटलं होतं, ताई, ही खार आहे, हिला जमिनीवर ठेवू नकोस. आता तुला कोणी म्हणतंय की उंची मानवत नाही! त्या साहेबांना माझ्याकडे पाठव.

सूट होईल. न व्हायला काय झालं? मागून उघडणारे कपडे मी शिवलेत, पण ते घालणाऱ्यांना चालता येत नव्हतं आणि दातही आले नव्हते. मोठ्या माणसासाठी हे पहिलंच. कारण विचारू नकोस म्हणतेस, तर नाही विचारत. माझं सगळं आयुष्य न विचारण्यातच गेलंय. तुला आठवतं ना, तू पडद्यामागे माझ्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस? तो पडदा अजून तसाच आहे. पुढे आमचे मालक मास्तर टेप लावतात आणि आकडे ओरडतात, मागे मी ऐकते आणि कापते. पुरुष गिऱ्हाईक बाईला माप देत नाही, हा मास्तरांच्या वडिलांच्या वेळचा नियम. मास्तरांची नजर आता पार गेलीय. ते 'छाती चाळीस' ओरडतात, मी पडद्याच्या भोकातून बघते आणि साडेअडतीस कापते. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणतं, मास्तर, तुमच्या हातात जादू आहे. मास्तर 'वडिलांची कृपा' म्हणतात. मला हसू येतं. पाटी त्यांची, कात्री माझी, आणि पडद्यामागे पंखा आहे. माझं निवांत चाललंय.

पण तुला बघायला भोक नाही, म्हणून मापं नीट पाठव. छाती, कंबर, पोट, बैठक, बाही, आणि मानेच्या मणक्यापासून पायांमधून पुढे गळ्यापर्यंत असा पूर्ण वळसा. तो चुकला तर बसल्यावर जीव जाईल. स्वतःची मापं स्वतः घ्यायची नाहीत. माणूस वाकतं आणि आकडा खोटा येतो.

आणि चहा कमी कर. फार पितेस.

तुझी मावशी


२० जानेवारी

प्रिय मावशी,

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. भांडारातल्या बाईंनी घेतली, लोखंडी टेपने, कारण इथे दुसरा टेप नाही. दोनदा सुटून माझ्या हनुवटीवर बसला.

एकच गोंधळ आहे. पोटाचं माप सकाळी तीस येतं आणि कामाची पाळी संपल्यावर, म्हणजे चार वाजता, साडेएकतीस. तीन दिवस घेतलं, तसंच येतंय. दोन्ही आकडे लिहिलेत, तूच ठरव कुठला धरायचा. जरा सैलच ठेव, संध्याकाळी फार दाटतं.

चहा कमी कर म्हणतेस, तर मी सोडलाच आहे. कॅन्टीनच्या त्या बाजूलाही फिरकत नाही.

पार्सल घरी पाठवू नकोस, गोदीच्या पत्त्यावर पाठव. घरी नवऱ्याने उघडलं तर तो विचारेल, आणि त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो शाळेत शिक्षक आहे, एकदा प्रश्न विचारायला लागला की थांबत नाही. आईलाही सूट वगैरे काही बोलू नकोस. मार्च संपेपर्यंत मला कुणाचीच काळजी अंगावर नको आहे. एकदा कायम झाले की सगळं सांगेन.

दमते हल्ली. पण काम चांगलं चाललंय. काल तासाला अठ्ठावीस कंटेनर उतरवले. आमच्यातला सगळ्यात जुना ऑपरेटर, ज्याला सगळे घार म्हणतात, त्याचे तीस होतात. तो माझ्याशी अजून बोलत नाही, पण काल माझ्या केबिनकडे बघून त्याने मान हलवली. ती चांगल्या अर्थी होती असं मी धरून चाललेय.

तुझी,
खार


४ फेब्रुवारी

माझ्या खारे,

सूट आज पार्सलने निघाला. हे पत्र मुद्दाम वेगळं, तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय, माझी पत्रं तुझा नवरा उघडत नाही म्हणून. फाडून टाक.

तू काही सांगितलं नाहीस, आणि मी काही विचारलं नाही. पण अगं, तीस वर्षं मी माणसं मापांवरून ओळखते. सकाळी तीस, संध्याकाळी साडेएकतीस. चहा नको, चहाची बाजूही नको. दमणूक. 'सैल ठेव.' नवऱ्याला इतक्यात सांगायचं नाही. आणि सूट मागून उघडायला हवा, कारण अशा दिवसांत घडीघडी जावं लागतं! मी आकडे वाचले आणि कात्री खाली ठेवून रडले. मास्तर पुढून विचारतात, काय झालं, बोट कापलं का? मी म्हटलं, हो.

कुणाला सांगणार नाही. ताईलासुद्धा नाही, आणि ताईपासून काही लपवणं किती अवघड आहे ते तुला माहीत आहे. तू लपवतेस ते बरोबरच आहे. नोकरी कायम होईपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या मावसभावाच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मास्तरांना कळलं नव्हतं. पडद्यामागे असण्याचा तोही एक फायदा. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरी कोणी त्या टेबलाशी बसली असती. तुझ्याकडे पडदा नाही, म्हणून मी सुटातच सोय केलीय. पुढच्या दोन्ही शिवणींच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलंय. कुठली शिवण कधी उसवायची त्याच्या चिठ्ठ्या टाचणीने लावल्यात. बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही.

मागची चेन एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आहे, वरून चार बोटं रुंद पट्टी. वारा आत जाणार नाही.

शिडी सांभाळून चढ. आणि भरपूर पाणी पी.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

रागाने लिहितेय, म्हणून आधीच सांगते. उद्या लिहिलं असतं तर सौम्य लिहिलं असतं, पण मला उद्यापर्यंत थांबायचं नाही.

गोदीत आलेलं प्रत्येक पार्सल गेटवर उघडतात. तुझं पत्र मला संध्याकाळी घरी मिळालं, पार्सल त्याच दिवशी सकाळी पोहोचलं होतं. पहारेकऱ्याने सूट टेबलावर पसरला आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. 'पाचव्या महिन्यात ही शिवण उसव.' 'सातव्यात ही.' तुझं अक्षर फार सुवाच्य आहे, मावशी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या गोदीला मला दिवस गेल्याचं कळलं होतं. मला सोडून.

साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं. मनापासून. मग माझा चढण्याचा परवाना काढून घेतला, तोही मनापासून. गरोदर बाईने शिडी चढायची नाही असा नियम आहे. मी म्हटलं, तसं काही नाही. ते हसून म्हणाले, 'मला दोन मुलं आहेत, समजतं मला.' आता डॉक्टरचा दाखला येईपर्यंत मी खाली टेबलाशी बसून पावत्यांवर शिक्के मारतेय. प्रोबेशनमधले सात आठवडे उरलेत आणि मी जमिनीवर.

मला दिवस गेलेले नाहीत. मी पाणी पीत नाही, एवढंच आहे.

आता ऐक. केबिनपासून खाली दोनशे बारा पायऱ्या. उतरायला दहा मिनिटं. बायकांचं शौचालय गोदीत एकच, गेटजवळ, चालत दहा मिनिटं. तिथे पट्टे सोडून अख्खा सूट खांद्यावरून खाली काढायचा, थंडीत अर्धं उघडं बसायचं आणि पुन्हा चढवायचा, त्याची दहा. परत तितकंच चालणं आणि चढणं. झाली पन्नास. आठ तासांत सुट्टी मिळते एकदा, तीस मिनिटांची. पुरुष वर रिकामी बाटली घेऊन जातात. म्हणून मी सकाळी पाच वाजल्यापासून काही पीत नाही आणि दिवसभर दाबून धरते. पोट फुगतं ते त्याने. चहा सोडला तो त्यासाठी. कॅन्टीनकडे जात नाही, कारण वास आला की प्यावासा वाटतो.

हे तुला लिहायची लाज वाटली होती. ती चूक माझी. पण तू विचारायचं होतंस ना! एक ओळ लिहायची होती. तीस वर्षं पडद्याच्या भोकातून लोकांची मापं काढलीस, आणि माझंही तसंच काढलंस.

खार


१७ फेब्रुवारी

खारे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा. तिसऱ्यांदा नुसतंच वाचलं.

सुतावरून स्वर्ग गाठला मी. शिंप्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईला ही म्हण शोभते, पण हसू येत नाहीये. तुझी नोकरी माझ्या चार टाचण्यांवर येऊन अडकली. माफ कर.

तू म्हणतेस, विचारायचं होतंस. खरं सांगते, मला सुचलंच नाही. मला विचारायची सवयच नाही गं. माणूस समोर उभं असतं, मध्ये पडदा असतो, मी बघून ताडते आणि कापते. बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून मला वाटायला लागलं की मला सगळं कळतं. अंदाज बरोबर निघणं आणि माणूस कळणं यात फरक आहे, हे पन्नाशी उलटल्यावर तुझ्याकडून शिकले.

आणखी एक गोष्ट मनात डाचतेय. मी तुला मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं की सात महिने मास्तरांना कळू दिलं नाही. त्यात कौतुकाचं काय होतं? सात महिने मी पोट आवळून बांधत होते. उभ्याने कापायचं काम, पाय सुजायचे, आणि खुर्ची मागितली तर संशय येईल म्हणून खुर्ची मागत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर मीच त्याची शाबासकी मिरवतेय. तुला मी तेच शिकवायला निघाले होते.

आता माझं ऐक, आणि हे मी ताडून नाही, हात जोडून सांगतेय. डॉक्टरांकडे जा, दाखल्यापुरतं नाही, नीट तपासून घ्यायला. डॉक्टरांना खरं सांग. मग साहेबांना सांग. तू म्हणालीस दोघी 'घरगुती कारण' लिहून गेल्या. कुठलं घर गं? मला काही ताडायचं नाही. त्या दोघींना विचार.

सूट फेकू नकोस. पुढच्या शिवणी उसव, जास्तीचं कापड काढून टाक आणि तीसवर परत टीप मार. चेन मात्र राहू दे. चेनीत मी चुकलेले नाही.

मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला, कारण दहा दिवस अंथरुणात होते. डॉक्टरबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नाहीत, हे त्यांनी एका ओळीत लिहून दिलं. दुसरी ओळ मात्र लांबली. मूत्रमार्गाचा संसर्ग वरपर्यंत चढला होता. म्हणाल्या, आणखी महिनाभर असंच काढलं असतंस तर मूत्रपिंडं कायमची अधू झाली असती. मावशी, तुझ्या त्या चिठ्ठ्या नसत्या तर मी मार्च संपेपर्यंत दात आवळून काढलं असतं. तुझ्यावरचा राग गेला. पूर्ण नाही, पण पोटात मावेल एवढाच उरलाय.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी ओरडला, मग म्हणाला, 'रोज सकाळी तुला बाटली मी भरून देतो. ती कुठे ओततेस?' क्रेनच्या पायथ्याशी भेगेत एक रोपटं उगवलंय, त्याला. सहा महिन्यांत ते माझ्या गुडघ्याएवढं झालंय. हे ऐकून त्याने तोंड फिरवलं. रडत होता की हसत होता, मी विचारलं नाही. बघ, मीही तुझीच भाची.

त्या दोघींना मात्र विचारलं. नोव्हेंबरातली म्हणाली, ताप यायचा, का ते कळलं नाही, सासूला वाटलं उंचीचा आहे. डिसेंबरातलीने आधी काहीच सांगितलं नाही. मी माझं सांगितल्यावर म्हणाली, 'एकदा वरच, सुटातच झालं होतं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.' घरगुती कारण!

मग अर्ज लिहिला. पायऱ्या, मिनिटं, डॉक्टरबाईंची दुसरी ओळ, सगळं. मागितलं एवढंच: दर अडीच तासांनी अर्धा तास सुट्टी, तेवढा वेळ बदली ऑपरेटर, आणि पायथ्याशी एक शौचालय. त्या दोघींच्या परवानगीने त्यांचंही लिहिलं. सह्यांसाठी कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला आणि वाटलं, आता हसतील.

हसलेही. मग घार उठला. साठीला आलेला माणूस. त्याने अर्ज पूर्ण वाचला, बोट ठेवून. म्हणाला, 'बावीस वर्षं मी पहिल्या पाळीला चहा पीत नाही. दोनदा मूतखडा काढलाय. बाटलीत करायचं वय गेलं माझं, हात थरथरतो.' आणि पहिली सही त्याने केली. बावीस वर्षांत हे तो कुणाला बोलला नव्हता. बायकांना उंची मानवत नाही म्हणे! इथे कुणालाच मानवत नव्हती, फक्त पुरुषांनी बाटली मानवून घेतली होती. त्याच्यामागून एकोणीस जणांनी सह्या केल्या.

साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, 'हे आधी का नाही सांगितलं?' मी म्हटलं, 'तुम्ही राजीनाम्यातलं कारण वाचून कधी विचारलं नाहीत, आणि आम्हीही बोललो नाही.' त्यांनी दोन महिने प्रयोग करून बघायचं मान्य केलं. सुट्टी आणि बदली ऑपरेटर मिळेल, शौचालय फिरतं ठेवतील. माझं प्रोबेशन आजारपणामुळे मे महिन्यापर्यंत लांबलं. दोन महिन्यांनंतर तासाला आकडा तीसच्या खाली राहिला तर सुट्टीही बंद आणि मीही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे जिंकलेले नाही. पण वर आहे.

सूट घातला. बाह्या मनगटावर थांबतात. चेनीने आठ मिनिटं वाचतात. भांडारातल्या बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, कुणी शिवला? पुढच्या तुकडीत चार बायका घेतल्या, तर असेच हवेत म्हणाल्या. मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, पत्र दुकानाच्या नावानेच जातं. तेव्हा मास्तरांच्या नावाने पत्र येईल. पुढचं तू बघ.

तुझी,
खार


२४ मार्च

खारे,

मूत्रपिंडांचं वाचलं. असं पुन्हा केलंस तर मी स्वतः त्या दोनशे बारा पायऱ्या चढून येईन, आणि मला उतरवायला किती माणसं लागतील ते तुझ्या साहेबांनी बघावं.

तुमच्या भांडाराचं पत्र आलं, चौघींची निवड झालीय आणि त्यांना सूट हवेत म्हणून. मास्तरांनी भिंग लावून वाचलं आणि पुढून ओरडले, 'अहो, हा मागून उघडणारा सूट कुणाचा?' मी मागून ओरडले, 'माझा.' म्हणाले, 'दुकानातून गेला म्हणजे दुकानाचा. मापं घ्यायला मला जावं लागेल.' मी म्हटलं, 'मास्तर, बायकांची मापं तुम्ही कशी घेणार? तुमच्या वडिलांचा नियम आहे ना?' मग म्हणाले, 'मग तुम्हीच जा.'

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खारे, तीस वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हटलं, जाते. आणि परत आल्यावर इथलीही घेईन, पुढे येऊन. मास्तर म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, तुमच्या टेपवर ते आलेलंच नाही कधी. हे बोलायचं नव्हतं गं. म्हातारा माणूस आहे, मला कात्री त्यांनीच हातात दिली होती. त्यांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. मलाच वाईट वाटलं. मग म्हणाले, 'मला माहीत आहे, साडेअडतीस कोण कापतं ते.' इतकी वर्षं त्यांना माहीत होतं! मी पडद्यामागून त्यांना झाकत होते, आणि ते पुढून मला.

पडदा काढला नाही. पंख्याचा वारा पुढे येत नाही म्हणून बाजूला सारून बांधलाय, असं त्यांना सांगितलं. त्यांनीही ते मानलं. दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक आलं, टेप माझ्या गळ्यात बघून म्हणालं, मास्तर नाहीत तर नंतर येतो. मास्तर समोर खुर्चीत बसलेले! गेलं ते. दुसरा आला तो बस चालवणारा. हात वर करून उभा राहिला. छाती घेतली, कंबर घेतली, आणि मग तुझी आठवण आली, म्हणून विचारलं, 'बसल्यावर कुठे दाटतं का?' त्याने वर केलेले हात खाली घेतले. म्हणाला, 'मांडीत. दहा वर्षं दाटतंय. कुणी विचारलं नाही.'

भोकातून मला त्याची मांडी कधीच दिसली नसती. पुरुष उभ्याने माप देतात आणि दिवसभर बसून काम करतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येते. त्या चौघींनाही विचारीन, नुसतं मोजणार नाही. तुझे तीस होतात का ते कळव. मी काही ताडत नाही.

तुझी मावशी


१६ मे

प्रिय मावशी,

तू परत गेल्यापासून भांडारातल्या बाई तुझा कापडी टेप गळ्यात घालून फिरतात. लोखंडी टेप त्यांनी सुताराला देऊन टाकला.

पहिल्या महिन्यात माझे सत्तावीस झाले. साहेब रोज आकडा वहीत लिहायचे. मला वाटलं, संपलं. घार म्हणाला, घाई करू नकोस, तहान लागलेल्या माणसाचा हात जड पडतो, तुझा अजून सुटतोय. मे लागल्यावर एकोणतीस. मग तीस. मागच्या आठवड्यात बत्तीस, आणि घारीचे तेहतीस. तो म्हणतो, दुपारचा चहा परत सुरू केल्यापासून त्याला जहाज जास्त स्पष्ट दिसतं.

पत्र काल मिळालं. कायम झाले. सुट्टीही कायम, सगळ्यांना. शौचालय अजून फिरतंच आहे आणि त्याची कडी नीट बसत नाही, त्याचा अर्ज परवा दिला. चौघी सोमवारपासून येतायत.

क्रेनखालचं रोपटं मात्र सुकायला लागलं होतं, कारण आता बाटली मी पिते. घार सकाळी त्याला एक मग पाणी घालतो.

काल पाळी संपल्यावर बाईंकडून माप घेतलं, तुझ्या टेपने, नीट उभं राहून. सकाळीही घेतलं होतं. तू विचारायच्या आत पाठवतेय.

सकाळी तीस.

संध्याकाळी तीस.

तुझी,
खार